जवाईबापूंचं शिळं पाणी

माणसाच्या आयुष्यात एक निर्णय असा येतो, की पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. आणि तो घेताना घरातल्या थोरामोठ्यांनी एकत्र बसून, शांत डोक्याने, सर्व बाजूंनी विचार करायचा असतो. आमच्या घरात असा विचार एकदाच झालेला मला आठवतो. माझ्या दोन्ही मावश्यांची लग्नं त्याहून कमी वेळात ठरली होती. प्रश्न होता, एका माशासाठी काचेची टाकी अठरा इंचांची घ्यावी की बारा इंचांची.

मासा हवा होता मला. मी चौदा वर्षांची होते, विषमज्वरातून नुकती उठले होते आणि डोक्यावर केस नव्हते. तापाने अर्धे नेले आणि उरलेले न्हाव्याने. आईने तिच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा रुमाल शिवून दिला होता, तो बांधून मी धुळ्याच्या त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच जगात फिरत असे. शाळा बुडाली होतीच. पण आता ताप गेला, अंगात मुगाचं वरण आणि मऊ भात टिकू लागला, तरी मी दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. गल्लीतल्या मुली खिडकीशी येऊन हाका मारत आणि मी पलंगाखाली काहीतरी शोधत असल्यासारखी वाकत असे. तेवढा एक प्रवास मी करायचे, तो डॉक्टरांकडे, संध्याकाळी रिक्षाचा पडदा ओढून. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका कपाटावर लोणच्याची मोठी बरणी होती, आणि तिच्यात निळसर काळा, लाल पंखांचा एकच मासा. बाकी सगळे रुग्ण एकमेकांचे आजार विचारत. तो कुणाला काही विचारत नसे. मला तो फार सभ्य वाटला.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते पाणीपुरवठ्याच्या खात्यात कनिष्ठ अभियंता होते. एका संध्याकाळी त्यांनी माझ्याशी करार केला: मागशील ते आणतो, पण जूनला शाळेत जायचं. मी मासा मागितला. मनातल्या मनात मी करारात एक कलम वाढवलं, ते त्यांना सांगितलं नाही. मासा जूनपर्यंत जगला तर मी शाळेत जाणार. नाही जगला तर नाही. असं कलम घालायचं कारण आज मला नीट सांगता येणार नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण वाचलो यावर पटकन विश्वास बसत नाही. त्याला दुसरं कुणीतरी वाचलेलं बघायचं असतं, एवढंच म्हणता येईल.

मासे जळगावला मिळत. आप्पांची तिथे मीटिंग होती, म्हणून पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं गेलो. मी रुमालावरून ओढणी घेऊन खिडकीशी बसले होते. दुकान एका बोळात, सायकलच्या दुकानाला लागून. आत फळीवर पंधरावीस काचेच्या बरण्या ओळीने, प्रत्येकीत डॉक्टरांकडच्यासारखा एकेक फायटर मासा, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. दुकानदार पन्नाशीचा, हळू बोलणारा. पुठ्ठा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, एकमेकांना दिसले की दिवसभर फुगून राहतात, जेवत नाहीत. आता माझी भाची मला सांगते, की आत्या, त्याला बेटा म्हणतात, फायटर नाही. म्हणत असतील. आमच्याकडे जो भांडतो त्याला त्याच्या कामावरून ओळखतात.

आप्पांना अठरा इंची टाकी हवी होती. पाण्याच्या खात्यातल्या माणसाच्या घरात पाणी दिसलं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली (ती त्यांच्याकडे कायम असे, लग्नातसुद्धा), लांबी, रुंदी, उंची मोजली आणि पस्तीस लिटर असं जाहीर केलं. बारा इंची भरली साडेबारा लिटर. दुकानदाराने दोन्ही आकडे ऐकून घेतले. मग म्हणाला, एका जिवाला बारा इंच पुष्कळ होतात, आणि फळीवरच्या त्या गोल भांड्यापेक्षा तर कितीतरी बरे. त्या गोल भांड्यात मासा सारखा स्वतःलाच बघत बसतो, ते मी विकायला ठेवतो पण देत नाही, असंही म्हणाला. आप्पा अठरावर ठाम. अर्धा तास गेला. घरी त्याआधी तीन संध्याकाळी याच विषयात गेल्या होत्या. शेजारचे निवृत्त हेडमास्तर येऊन दोन्ही बाजूंनी बोलून गेले होते. शेवटी दुकानदाराने विचारलं, न्यायची कशी. एसटीने, आप्पा म्हणाले. म्हणजे मांडीवर घेऊन. कुणाच्या? आप्पांच्या मांडीवर ऑफिसच्या फायली असणार होत्या. मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं, म्हणजे मीसुद्धा. आप्पांनी फूटपट्टी माझ्या मांडीवर आडवी धरली. तापानंतर माझं वजन काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. बारा इंच भरले, तेही दोन्ही गुडघे जुळवले तर.

मग सामान. आप्पांनी विजेवर चालणारा फिल्टर मागितला. दुकानदार तो विकायला तयार नव्हता, आणि एखादा दुकानदार माल न विकण्यासाठी इतका झटताना मी नंतर कधी पाहिला नाही. हा मासा उथळ, थांबल्या पाण्यातला, तो म्हणाला; वर येऊन तोंडाने हवा घेतो. पाणी ढवळलं की त्याचे पंखच त्याला ओढून नेतात. टाकी काठोकाठ भरू नका, चार बोटं हवा ठेवा. वर जाळी ठेवा, उडी मारतो. आणि सगळ्यात शेवटी, गल्ल्याकडे वळता वळता:

“साहेब, नळाचं पाणी डायरेक्ट नका टाकू. दोन दिवस उघडं राहू द्या, मग टाका. तेही थोडं थोडं.”

“मी बारा वर्षं पाण्याच्या खात्यात आहे,” आप्पा म्हणाले.

“म्हणून तर सांगतो,” दुकानदार म्हणाला. आप्पांनी फिल्टर घेतला.

परतीच्या एसटीत टाकी माझ्या मांडीवर, टाकीत आप्पांचा टॉवेल, टॉवेलात पाण्याची फुगलेली पिशवी आणि पिशवीत तो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मागच्या बाईने वाकून पाहिलं आणि विचारलं, हा खायचा का? मी नाही म्हटल्यावर तिने तो केवढ्याला पडला ते विचारलं आणि माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं. मग आपल्या पिशवीतलं एक केळं मला दिलं. आजारानंतर घराबाहेर खाल्लेली ती पहिली गोष्ट. आईला मी ते सांगितलं नाही.

टाकीची मांडणी हा आप्पांचा प्रांत होता. शुद्धीकरण केंद्रात गाळणीसाठी वापरतात तसली चाळलेली, एका मापाची खडी त्यांनी आणली, सात वेळा धुतली आणि तळाशी दोन इंच पसरली. दुधावरची तारेची जाळी आईने कुरकुरत दिली. लपायला म्हणून फुटक्या माठाची खापरी आडवी ठेवली. पाणवनस्पती आणली आत्याने. आत्याला सगळे अक्का म्हणत. आप्पांची थोरली बहीण, साक्रीकडच्या एका गावात एकटी राहायची आणि माझ्या आजारपणात मदतीला म्हणून आली ती राहिलीच. तिच्या गावापासून लांबच्या विहिरीतली एक हिरवी वेल ती एसटीच्या ड्रायव्हरमार्फत ओल्या फडक्यात मागवून बसली. सगळं लागल्यावर आईने काचेला हळदकुंकू लावलं, हेडमास्तरांनी नारळ फोडला आणि जलचरांच्या सान्निध्याने मनावर होणाऱ्या संस्कारांविषयी चार शब्द बोलले. मग आप्पांनी फिल्टर सुरू केला. मासा उचलला गेला आणि पलीकडच्या काचेला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला. आप्पांनी फिल्टर बंद केला. पुढे कुणी विचारलं तर तो राखीव आहे असं ते सांगत.

नाव अक्काने ठेवलं. दोन दिवस ती त्याच्यासमोर पाय पसरून बसली आणि मग मला म्हणाली, “हाऊ दिनभर करस काय?” मी म्हटलं, काही नाही. आरसा धरला की बघून फुगतो. वेळेवर खातो. एकटाच राहतो. “मंग हाऊ जवाईच शे,” अक्का म्हणाली. तेव्हापासून तो जवाईबापू.

आता पाण्याविषयी सांगायला हवं. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांआड पाणी येई. आधी नळातून हवा यायची. शीळ घातल्यासारखा, मग खाकरल्यासारखा आवाज. त्या आवाजाबरोबर गल्लीतलं प्रत्येक घर जागं व्हायचं आणि घरात असेल नसेल ते सगळं पाणी बाहेर ओतायचं. हंडे, कळश्या, पिंप, अर्ध्या भरलेल्या बादल्या. पाणी नासलेलं नसे. ते फक्त मागच्या वेळचं असे, म्हणजे शिळं. ताजं येत असताना शिळं ठेवणारी बाई आळशी समजली जाई. चार दिवस जपून जपून वापरलेलं पाणी पाचव्या दिवशी पाच मिनिटांत रस्त्यावर. आप्पा शाळाशाळांतून पाणी वाचवण्यावर भाषणं द्यायचे आणि घरी परतताना आमच्याच पिंपाच्या चिखलातून सायकल ढकलत आणायचे. ते आईला काही म्हणत नसत. माझ्या आजाराआधी कधीकधी म्हणत, नंतर नाही. ताप नळाच्या पाण्याने आला, की जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्याने, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणी ते तोंडाने विचारलंही नव्हतं. फक्त आई आता पिंप ओतून झाल्यावर ते चिंचेने घासायची, उन्हात पालथं घालायची, आणि नव्याने भरलेलं पाणीही वीस मिनिटं उकळायची. स्टोव्हचा फरफर आवाज त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कधी थांबलाच नाही. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडलेले, खाली पाणी उकळतंय, आणि आई मधेच येऊन माझ्या कपाळाला उलटा हात लावून जातेय.

साहजिकच टाकीचंही पाणी चार दिवसांनी पूर्ण बदललं जाऊ लागलं. आई स्वतः बदलायची. मासा मगात काढायचा, टाकी रस्त्यावर ओतायची, खडी धुवायची, ताजं पाणी भरायचं. आजारी मुलीच्या उशाशी शिळं पाणी ती ठेवणार नव्हती. पहिल्या वेळी जवाईबापू दिवसभर खापरीआड बसला. दुसऱ्या वेळी त्याने खाणं सोडलं. तिसऱ्या वेळी तो खडीवर कुशीवर पडून राहिला, पंख मिटलेले, जसा कुणी छत्री बंद करून कोपऱ्यात ठेवावी. आणि श्वास घ्यायला वर येताना वाटेत दोनदा खाली घसरला. मे महिना होता. मी बोटांवर जूनपर्यंतचे दिवस मोजले.

तेव्हा मला गल्ल्याकडे वळलेल्या दुकानदाराचं वाक्य आठवलं. रात्रीच्या जेवणाला मी ते बोलून दाखवलं. आप्पा म्हणाले, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो असायलाच हवा, साथीच्या दिवसांत तर जास्तच घालतो. माणसाला त्याने काही होत नाही. मी म्हटलं, तो माणूस नाही. आप्पांचा घास थांबला. “आमच्या पाण्याने आजवर कुणाला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. ते माझ्याकडे बघून बोलायला गेले, माझ्या रुमालापर्यंत आले आणि मग ताटाकडे बघू लागले. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने भरताचं पातेलं झाकलं, कुणाचं वाढून व्हायच्या आधीच. अक्का तेवढी खात होती.

दुसऱ्या दिवशी अक्काने टाकीचं पाणी बदलायचं काम आईकडून आपल्याकडे घेतलं आणि तिच्या खाटेखाली एक पितळी बादली ठेवली, वर फडकं टाकून. नळ आला की ती भरायची, तिसऱ्या दिवशी त्यातलं दोन तांबे पाणी टाकीत घालायची आणि तेवढंच जुनं काढायची. पाणी बदललं अशी आईची खात्री पटावी म्हणून टाकीसमोर जमिनीवर एक मग ताजं पाणी सांडून ठेवायची. टाकीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायची, माठाला गुंडाळतात तसं. भाचीच्या फोनवर मी वाचलं, की या माशाला पाणी गरम ठेवणारं यंत्र लावावं. लिहिणारा मे महिन्यात धुळ्याला आलेला नसावा.

चारच दिवसांत जवाईबापू उभा राहिला. पाचव्या दिवशी त्याने माझ्या बोटाकडे बघून कल्ले फुगवले. आणि सहाव्या दिवशी खाटेखालून केर काढताना आईच्या हाताला बादली लागली.

तिने फडकं उचललं, वास घेतला आणि काही न विचारता बादली उचलून दाराकडे निघाली. अक्का वाटेतच भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती. तिने पाय काढून घेतले नाहीत.

“सुमन, पानी काय भाकर शे का, शिळं व्हवाले? आम्हना गावले दोन कोसवरथीन पानी येस. फेकाले आम्हले कोनी शिकाडं नही.”

“तुमच्या गावात कुणी आजारी पडलं नाही,” आई म्हणाली. “मी दीड महिना हिच्या उशाशी बसले आहे.”

“मी पन बशेल व्हतू,” अक्का म्हणाली. तेही खरं होतं.

मग मी ते कलम सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, हा मेला तर मी शाळेत जाणार नाही, जूनला नाही, कधीच नाही. मी ओरडून म्हटलं नाही. तेवढी ताकद नव्हती. आईने बादली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. ती टाकीकडे बघत राहिली. जवाईबापू वर आला, एक घोट हवा घेतली, खाली गेला.

“किती दिवसांचं आहे हे?” तिने विचारलं.

“तीन,” मी म्हटलं.

“आणि त्याला हे चालतं?”

“हेच चालतं.”

ती उठली. मला वाटलं, आता ओतणार. तिने फडताळातून पितळी झाकण काढलं, देवघरातला लाल दोरा आणला आणि बादलीच्या कडीला तीन पदरी बांधला. याच्यात कुणी पेला घालायचा नाही, ती म्हणाली, हे त्याचं पाणी. मग तिने हात धुतले, माझे धुतले आणि बादली खाटेखालून काढून स्वयंपाकघरात, पिंपाच्या शेजारी ठेवली. टाकीतलं पाणी ती पुन्हा कधी ओतायला गेली नाही. नळ आला की बाकी सगळं रस्त्यावर जाई आणि लाल दोऱ्याची बादली तेवढी जागेवर राहत असे. गल्लीतल्या बायका डोकावून बघत. आई त्यांना सांगे, ते जावयाचं आहे. माझं लग्न व्हायचं होतं, मोठी बहीण मला नव्हती, त्यामुळे बायका जास्त विचारत नसत.

जून लागला तशी एका सकाळी नळाने शीळ घातली. गल्लीने नेहमीप्रमाणे सगळं ओतलं. पिंप, हंडे, कळश्या. आईने चिंच भिजवायलाही घातली. नळ खाकरला, थोडा थरथरला आणि गप्प झाला. मोठी वाहिनी कुठेतरी लांब फुटली होती. नळांत फक्त तिच्यातली उरलेली हवा आली होती. आप्पा सायकलवर टांग मारून गेले ते दोन दिवस घरी फिरकलेच नाहीत. गल्ली ओली चिंब होती आणि एकाही घरात प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं. टँकर यायचा, त्यातून घरटी दोन हंडे मिळायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आले, आणि त्यांच्यासोबत नाशिकहून पाहणीला आलेले मोठे साहेब, त्यांचा एक मदतनीस आणि हेडमास्तर, जे कुणी मोठं आलं की आपोआप असत. टँकर त्या दिवशी आला नव्हता. साहेबांना नागरिकांशी प्रत्यक्ष संवाद साधायचा होता, म्हणून ते आमच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या पाठीमागे टाकीत जवाईबापू त्यांच्या टकलाकडे बघून फुगला होता. आप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आईकडे पाहिलं. आईने रिकामं पिंप पाहिलं, मग ती बादली पाहिली, अर्धीच होती. झाकण काढलं. दुपदरी फडक्यातून चार कप गाळले, थांबली, मग पाचवा गाळला. उरलेल्यावर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “त्याला पुरेल ना?”

मी मान डोलावली. आईने ते पाणी उकळलं. वीस मिनिटं नाही. चहाला लागतं तेवढंच. पाचवा कप तिने स्वतः घेतला आणि पहिला घोट सगळ्यांच्या आधी, दाराआड उभी राहून, तिनेच घेतला.

साहेबांनी चहाची तारीफ केली. आठवड्याने नळ आला. त्या दिवशी आईने पिंप ओतलं, पण अर्धंच. शाळा उघडली तेव्हा मी रुमाल बांधून गेले. पहिल्या दिवशी एका मुलीने तो ओढला, दुसऱ्या दिवशी कुणी ओढला नाही. जवाईबापू त्यानंतर दोन दिवाळ्या पाहून गेला.

पुढे साहेबांच्या पाहणी अहवालाची प्रत आप्पांच्या टेबलावर आली. ती त्यांनी घरी आणून आम्हाला वाचून दाखवली. त्यात सातव्या मुद्द्याखाली लिहिलं होतं, की प्रत्यक्ष भेटीत नागरिकांकडे घरगुती पाण्याचा पुरेसा साठा आढळून आला. साहेब आमच्या एकाच घरी आले होते. साठा अर्धी बादली होता, आणि तो माशाचा होता.